बेणे मळ्यातलं आडवं बोअर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिक्षणसंस्थेतून फोन आला. महाविद्यालयाची स्मरणिका निघणार होती आणि पेट्रोलियम शाखेचा इतिहास लिहायला कोणी सापडत नव्हतं. "सर, पहिल्या दिवसापासूनचे तुम्हीच एक राहिलात," असं फोनवरचा तरुण प्राध्यापक म्हणाला. राहिलात म्हणजे जिवंत राहिलात. मी लेख लिहून पाठवला. स्मरणिका हातात पडली तेव्हा तिच्यात माझा फोटो होता, माझं नाव होतं, पण दुष्काळाबद्दल मी लिहिलेली पानं नव्हती. त्या जागी जुन्या माहितीपत्रकातलं एक वाक्य होतं: 'भीषण दुष्काळात शाखेच्या विद्यार्थ्यांनी आधुनिक तंत्राने पाण्याचा शोध घेऊन एका गावाची तहान भागवली.'

तक्रार करायची सोय नव्हती, कारण हे वाक्य मूळचं माझंच आहे. शाखाप्रमुख असताना मीच ते लिहिलं आणि मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ते छापलं गेलं. ते खोटं आहे. त्याचा सगळा भार सुदाम ओव्हाळ या माझ्या विद्यार्थ्याने वाहिला. तो त्याच्या डोक्यावरून उतरवावा म्हणून हे लिहितो आहे. या अंकाच्या संपादकांनी संस्थेचं आणि गावाचं नाव गाळायला सांगितलं, ते मी गाळलं. सुदामचं नाव गाळलं तर लिहिण्यात काही अर्थ उरत नाही.

बीड जिल्ह्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग, असं म्हटलं की आजही लोक हसतात. आमच्याकडे तेल निघतं ते करडईचं. पहिल्या वर्षीच्या प्रवेशांना गेवराईकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "शिकून भायेर पडलं की पंप मिळंल ना पोराला?" मी म्हणालो, पंपाचा आणि या शिक्षणाचा संबंध नाही. "मंग काय चार वर्षं शिकून गाड्यात पेट्रोल भरायचं व्हय?" असं म्हणून त्यांनी मुलाचं नाव सिव्हिलला घातलं.

ही शाखा काढली आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमननी. विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हा प्रत्येक कारखान्याने एकेक काढलं. चेअरमनचं म्हणणं असं की जे कोणाकडे नाही ते आपल्याकडे पाहिजे. कारखान्याच्या सभेत एका सभासदाने उठून विचारलं, "साहेब, आपल्याकडं तेल निघायचंय का?" चेअरमन म्हणाले, "तेल न्हाई निघायचं. पोरं निघतील." सभेत टाळ्या पडल्या. माणूस बोलण्यात तयार होता. मला त्यांच्याबद्दल पुढे बरंच कडू लिहायचं आहे, म्हणून हेही लिहितो की ते बोलले तसं झालं. पोरं निघाली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली, फडात जन्मलेली, पाचटाच्या कोपीत वाढलेली पोरं आमच्याकडे शिकली आणि समुद्रातल्या आणि वाळवंटातल्या रिगवर जाऊन उभी राहिली. तिथले अधिकारी म्हणायचे, बीडची पोरं उन्हाची आणि पाळीची तक्रार करत नाहीत. आमच्या शाखेची कीर्ती ती हीच. शिकवण्याचा त्यात वाटा किती आणि फडातल्या बालपणाचा किती, हे मी कधी वेगळं करून पाहिलं नाही.

मी स्वतः गुजरातेतल्या तेलक्षेत्रात काही वर्षं काढलेली होती. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून नोकरी सोडून गावाकडे आलो आणि चेअरमननी मला बोलावून घेतलं. सुरुवातीला शाखा म्हणजे मी, दोन नवखे अधिव्याख्याते, भिंतीवरचे तक्ते आणि एका कंत्राटदाराकडून जुनं घेतलेलं भोकं पाडायचं यंत्र.

हा धंदा काय आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोकांना वाटतं की जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं नसतं. वीट पाण्यात बुडवून काढली तर पाणी विटेत असतं, पण दिसत नाही. तेल खडकात तसंच असतं, बारीक छिद्रांत आणि भेगांत. कोणत्या भेगेतून कुठे काय वाहतं हे वरून ओळखणं, हे आमचं काम. त्यासाठी एक जुनी रीत आहे. एका विहिरीत रंग सोडायचा आणि आसपासच्या विहिरींवर नजर ठेवायची. जिथे रंग उमटेल तिथपर्यंत खडकातून वाट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बोअर सरळ खालीच जावं लागतं असं नाही, ते तिरकं नेता येतं, आडवंही नेता येतं. शेजाऱ्याच्या हद्दीखालचं तेल तिरक्या बोअरने ओढल्यावरून जगात मोठमोठी भांडणं झालेली आहेत. हे मी वर्गात रंगवून सांगत असे. पोरं हसायची.

त्या काळात सलग दोन पावसाळे कोरडे गेले. कारखान्याचा हंगाम अर्ध्यात आटोपला. वसतिगृहाला टँकर सुरू झाला आणि अंघोळीची पाळी लावावी लागली. आमच्या शाखेवर दुसरंच संकट होतं. मान्यता तात्पुरती होती. आदल्या वेळच्या तपासणी समितीने शेरा मारला होता की या शाखेत प्रत्यक्ष क्षेत्रकाम काहीच होत नाही. उन्हाळ्यात समिती पुन्हा येणार होती. तिने नाही म्हटलं असतं तर शाखा बंद, आणि आत असलेली पोरं कुठे जातील ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

अशात चेअरमननी मला कारखान्याच्या विश्रामगृहावर बोलावलं. त्यांच्यापुढे ताकाचा पेला होता. म्हणाले, "प्रोफेसर, बेणे मळा जळाय लागला."

बेणे मळा म्हणजे कारखान्याचा लागवडीच्या उसाचा मळा. पुढच्या लागणीसाठी सभासदांना बेणं तिथूनच मिळायचं. तो जळाला तर पाऊस पडूनही लावायला ऊस नसणार, म्हणजे कारखाना दोन वर्षं मागे. मळा नांदूरघाटाकडच्या एका गावाच्या शिवारात होता. तिथल्या मोठ्या विहिरीत पाणी तळाला गेलं होतं.

"तुमच्या यंत्रानं आडवं बोअर मारता येतं का?"

"येतं. पण कोणत्या अंगाला मारायचं ते आधी बघावं लागेल. नाहीतर नुसता काळा पाषाण लागेल."

"मग बघा की. समितीला बी दाखवता येईल. दोन्ही कामं होत्याल."

त्यांनी समितीचा विषय काढला नसता तरी तो माझ्या मनात होताच.

मळ्याच्या पलीकडे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती. वस्तीला स्वतःची विहीर होती. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या माणसांनी आपल्या हातांनी ती खोदली होती. त्याआधी गावच्या विहिरीला त्यांना हात लावता येत नव्हता. कोणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर बसून राहायचं. ती विहीर मळ्याच्या विहिरीइतकी खोल नव्हती, पण दोन्ही कोरड्या पावसाळ्यांत तिने वस्तीला तोंडचं पाणी पुरवलं होतं. सुदाम ओव्हाळ याच वस्तीतला. शेवटच्या वर्षाला होता. वडील लहानपणीच गेले, आई कौसाबाई ऊसतोडीला जायची. वर्गात तो फारसा बोलत नसे, पण नकाशावर बोट ठेवून खडकाचा उतार सांगायचा तेव्हा मी स्वतः पुन्हा तपासून पाहत असे, आणि तो बरोबर असे. मी त्याला प्रकल्पासाठी हेच काम दिलं. वस्तीच्या विहिरीत रंग सोडायचा आणि मळ्याच्या विहिरीत येतो का ते पाहायचं. दोन्ही विहिरींचा झरा एक असेल तर तो कोणत्या अंगाने जातो ते शोधायचं.

सुदाम मला सरळ म्हणाला, "सर, झरा एकच निघाला तर मळ्याच्या बोअरनं वस्तीचं पाणी जाईल."

मी म्हणालो, "म्हणूनच दोन्ही विहिरींत बोअर मारायचं. वस्तीच्या विहिरीत वरच्या अंगाला मारू, तिला नवं पाणी मिळेल. आणि मळ्याचा पंप ठरावीक खुणेखाली उतरवायचा नाही."

हे होण्यासारखं होतं. तेव्हा तरी मी ते खरं समजूनच बोललो.

रंग टाकायला आम्ही सकाळी वस्तीवर गेलो तेव्हा विहिरीवर सगळी वस्ती जमली होती. त्यांच्या विहिरीत काहीतरी टाकायला लोक जीपमधून आले होते. त्यांना भीती वाटली नसती तरच नवल. एक म्हातारी म्हणाली, "कावून टाकता रं आमच्या हिरीत? तुमची हिरी न्हाईत का?" मी समजावायला पुढे झालो, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. सुदामने रंग सोडला. उन्हात पाणी हिरवंगार चमकायला लागलं. बायका मागे सरकल्या.

सुदामचे चुलते दगडूनाना काठावर बसले होते. ते म्हणाले, "पोपटी पाणी पाजतो व्हय बे आमाला? सकाळी उठून मिठू मिठू कराय लागलो मंजी?"

सुदामने कळशी आत सोडली, तांब्या भरून घेतला आणि सगळ्यांसमोर घटाघट प्यायला. म्हणाला, "नाना, मी बी याच हिरीचा हाय. आपल्या हिरीला पाणी वाढवायचंय. सरांनी शब्द दिलाय."

कौसाबाईने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी ती प्याली. मग लोक हसायला लागले. नानांनी मिठू मिठू करून दाखवलं. मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्याच्या विहिरीत रंग दिसला. ओढ्याकडच्या अंगाला, मांजऱ्या म्हणजे मऊ, सच्छिद्र खडकाच्या एका भेगेतून हिरवी धार येत होती, करंगळीएवढी. सुदाम विहिरीत उतरून भेगेची दिशा मोजून वर आला. चेहरा फुललेला होता. पुस्तकातलं आपल्या डोळ्यांनी दिसण्याचा आनंद मला माहीत आहे. तो मलाही झाला होता.

संध्याकाळी मी चेअरमनना सांगायला गेलो. दोन माठ तळाशी नळीने जोडले तर खालच्या माठात पाणी उतरतं, तसं आहे, असं म्हणालो.

"म्हंजी वस्तीचं पाणी आपल्याकडं येऊ शकतंय?"

"येऊ शकतं. म्हणून त्यांच्याही विहिरीत बोअर मारायला लागेल. आणि पंपाला खूण—"

"खूणबिण काय न्हाई. पंप तळाला बसवा. त्यांच्या हिरीत मारायचं बी न्हाई. यंत्र मळ्यातून निघालं की समितीपुढं उभं करायचं. त्यांना टँकर लावून देऊ आपण." ताक संपवून ते म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही हाय का न्हाई यात? न्हाई तर आत्ताच सांगा. समितीला कळवून टाकू, की आमच्याकडं क्षेत्रकाम व्हईना."

मी म्हणालो, "आहे."

एवढाच शब्द. मी तेव्हा पोरांचा विचार केला, असं पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. पोरांचा विचार खरंच केला होता. पण त्याआधी माझ्या खुर्चीचा केला होता, आणि बोअर त्या भेगेला बरोबर लागेल का, याचीही मला घाई झाली होती. चांगल्या कारागिराला ही घाई असते. ती घाई असली की माणूस बाकीचं ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सुदाम यंत्रापाशी भेटला. त्याने विचारलं, "वस्तीच्या विहिरीत कधी मारायचं सर?" मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात." आधीच्या वेळी मी बोललो होतो ते होण्यासारखं होतं. हे बोललो तेव्हा मला पक्कं माहीत होतं की ते होणार नाही.

यारीने यंत्र मळ्याच्या विहिरीत उतरवलं. सुदाम होकायंत्र घेऊन तळाशी उभा राहिला आणि मी वरून दिशा सांगितली. पोलाद खडकात शिरलं. आधी राखाडी भुकटी, मग लाल भुकटी, मग ओली भुकटी. मग पाणी. मनगटाएवढ्या जाडीची धार समोरच्या भिंतीवर आदळली आणि सुदाम चिंब भिजून ओरडला, "सर, लागलं! सर!" वर मळ्यातले मजूर नाचत होते. चेअरमनच्या माणसांनी पेढे आणले. तपासणी समिती आली ती थेट मळ्यावरच. समितीच्या अध्यक्षांनी धारेत हात घातला. वर्तमानपत्रात फोटो आला. शाखेला मान्यता मिळाली आणि जागाही वाढल्या.

वस्तीची विहीर आठवडाभरातच आटली.

आधी पाण्याला गढूळपणा आला. मग बायका दोर वाढवत गेल्या. मग घागर बुडेना, म्हणून माणसं आत उतरून वाटीने भरू लागली. असंच भरताना दगडूनानांचा पाय घसरला आणि ते कपारीवरून खाली पडले. मांडीचं हाड मोडलं. बाजेवर घालून त्यांना बैलगाडीने नेलं. टँकर लागला, पण तो आधी गावात थांबायचा आणि वस्तीवर येईपर्यंत त्यात तळाचा गाळ उरायचा. पुढे मळ्याच्या राखणदाराने, उसाचं पाणी झाल्यावर बायकांना हौदावर भरू द्यायला सुरुवात केली. तो वरून ओतायचा. हौदाला हात लावायचा नाही.

राखणदारानेच मला एक हकीकत सांगितली. विहीर आटली त्या दिवशी कौसाबाईने भर वस्तीत सुदामला चपलेने मारलं. "तुझ्यामुळं आपली हिर गेली," म्हणाली. वस्तीने तोंड फिरवलं, पोरगं रडत एसटीने निघून गेलं. हे ऐकून मला बरं वाटलं नाही, पण हेही लिहायला हवं की सुटल्यासारखं वाटलं. लोक कोणाला तरी धरून बसले होते आणि तो मी नव्हतो.

सुदाम वसतिगृहावर आला तेव्हा त्याचा एक गाल सुजला होता. त्याने मारल्याचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "सर, बोअर?"

मी म्हणालो, "चेअरमन ऐकत नाहीत रे. मी भांडतोय."

"तुम्हालाबी फसवलं त्यांनी," तो म्हणाला.

मी ते खोडून काढलं नाही. मान हलवली की नाही ते आठवत नाही.

त्याच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. काम पाहून ते खूश झाले. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "ज्या विहिरीत रंग टाकला, तिला आता पाणी किती आहे?" सुदामने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या आधीच म्हणालो, "दुष्काळ आहे सर. सगळ्याच विहिरी खाली गेल्यात." परीक्षकांनी मान डोलावली. सुदाम तक्त्याची गुंडाळी करत होता, ती नीट होईना. त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले.

तो गुजरातेत रिगवर लागला. पहिल्या काही पगारांतच आईला घेऊन गेला, आणि दोघंही गावाकडे फिरकले नाहीत. आमच्या पोरांना तिकडे नोकऱ्या लागल्या त्यांतल्या कितीतरी सुदामच्या शब्दावर. नवा पोरगा गेला की तो त्याची राहायची सोय करायचा, काम शिकवायचा. सुट्टीवर आलेली पोरं सांगायची, "ओव्हाळ सर तुमचं लई नाव काढतात." मी विषय बदलायचो. माहितीपत्रकातलं वाक्य मी त्याच सुमारास लिहिलं.

स्मरणिका आल्यावर मला राहवेना. चेअरमन केव्हाच वारले. मला वाटलं, निदान वस्तीवर जाऊन सांगावं की सुदामचा दोष नव्हता. माझ्या मुलाने गाडीने नेलं. वस्तीची आता भीमनगर अशी कमान आहे. सिमेंटची घरं झाली आहेत, दारात नळ आहेत, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. विहिरीत कचरा आणि वेडी बाभूळ. दगडूनाना जिवंत निघाले. एका पायाने लंगडत, काठी टेकत दारात आले. जय भीम झाला. मी नाव सांगितलं. त्यांनी बाज टाकायला लावली.

मी सगळं सांगितलं. दिशा मी दिली, वस्तीच्या विहिरीत मारायचं नाही हे मला आधी माहीत होतं, सुदामला मी खोटं सांगितलं. सांगून झाल्यावर नाना म्हणाले, "त्याचा दोष न्हाई, हे आमाला सांगाय आलात व्हय तुमी?"

"हो."

"ते कोणाला ठाऊक न्हवतं? वस्तीत खुळं का हायती सगळे?"

"पण कौसाबाईंनी त्याला—"

"मारलं ना. का मारलं?" नानांनी काठी जमिनीवर आपटली. "हिर आटल्याली बघून पोरं काठ्या घेऊन मळ्याकडं निघालती. तिकडं कारखान्यानं दोन ट्रॅक्टर भरून माणसं आणून बसवलती. आमची किती मेली आसती ते सांगा. वहिनीनं बघितलं, आन् तिनं आपलं पोरगं धरलं. हानलं, शिव्या घातल्या, गळा काढून रडली. पोरं त्याला सोडवाय मागं फिरली. तिथंच थांबली मग." मग ते म्हणाले, "त्यो आमचा व्हता, त्याला मारता आलं. तुमाला कोण मारणार व्हतं?"

आतून सुनेने चहा आणला. नाना म्हणाले, "च्या घ्या." मी घेतला.

घरी आल्यावर सुदामचा नंबर मिळवला. तोही आता निवृत्तीला आला आहे. माझा आवाज ऐकून त्याला इतका आनंद झाला की मला बराच वेळ मुद्द्यावर येता येईना. तब्येत विचारली, आमच्या मुलाचं विचारलं. शेवटी मी म्हणालो की वस्तीवर गेलो होतो, नानांना भेटलो, तुझ्या आईने तुला का मारलं ते कळलं.

"ते मला माहीत आहे सर. आईनं मरायच्या आधी सांगितलं. रडली लई." मग म्हणाला, "तुम्ही एवढ्या वयात तिथं गेलात माझ्यासाठी?"

मी म्हणालो, मी एक लेख लिहितो आहे, त्यात तुझं नाव आहे, आणि त्याआधी तुला एक सांगायचं आहे. चेअरमननी मला फसवलं नव्हतं. रंग दिसला त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात मारू, असं मी तुला म्हणालो, ते त्यानंतर म्हणालो.

तिकडे कोणीतरी टीव्ही बंद केला.

"म्हणजे मी खाली होकायंत्र धरून उभा होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"परीक्षेलाबी?"

"हो."

मी वाट पाहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो. त्याचा आवाज आला तेव्हा तो वर्गात शंका विचारायचा तसाच होता, हळू आणि नीट.

"सर, माझ्या हाताखालून किती पोरं गेली. रिगवर आलं की पहिल्या दिवशी मी सगळ्यांना आपल्या मळ्याचं सांगायचो. सांगायचो, खडक खोटं बोलत न्हाई, माणसं बोलतात, म्हणून दिशा द्यायच्या आधी पाणी कुणाचं हाय ते विचारा. आमच्या सरांनी विचारलं होतं, चेअरमननी त्यांना फसवलं, तरी सर भांडले. असं सांगायचो. त्यांना आता काय सांगू?"